मुलांच्या बॅटरी गाडीचा चार्जर गेला? नाशिकमध्ये योग्य चार्जर असा शोधा

मुलांच्या बॅटरीवर चालणाऱ्या जीप, बाइक आणि कार आता नाशिकच्या सोसायट्यांमध्ये सर्रास दिसतात. त्यातल्या कितीतरी पार्किंगच्या कोपऱ्यात धूळ खात असतात. विचारलं की उत्तर ठरलेलं: चार्जर सापडत नाही, नाहीतर चार्जर जळाला. गाडी हजारोंची, चार्जर काही शे रुपयांचा, तरी गाडी भंगारात जाते. मला हे बघवत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

अडचण अशी होते की लोक गाडीचं नाव किंवा फोटो घेऊन चार्जर मागायला जातात. तसा तो मिळत नाही. या गाड्यांवर नाव एकाचं असतं, आतली मोटर, वायरिंग आणि बॅटरी दुसऱ्याच कुणाची, आणि पुढच्या वर्षी ते मॉडेल बाजारातूनच गायब झालेलं असतं. पण आतली बॅटरी साधी, ठरावीक मापाची असते. चार्जर तिच्यासाठी शोधायचा. गाडी जीप आहे की बुलेट, याच्याशी चार्जरला काही देणंघेणं नाही.

आधी खात्री करा: चार्जरच गेलाय ना?

यासाठी डिजिटल मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं छोटं यंत्र) लागतो. स्वस्तातला चालेल, शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून तासभर मागून आणला तरी चालेल. त्याची चकती डीसी २० वर ठेवा. एसीच्या बाजूला ठेवू नका.

जुना चार्जर हाताशी असेल तर तो भिंतीतल्या सॉकेटला लावा. लाल टोक चार्जरच्या पिनच्या आतल्या भोकात आणि काळं टोक बाहेरच्या नळीला टेकवा. आत-बाहेरची टोकं एकमेकांना लागू देऊ नका. चार्जर हाताला जड लागत असेल तर आत ट्रान्सफॉर्मर आहे. अशा चार्जरवर १२ छापलेलं असलं तरी मोकळा मोजल्यावर आकडा १५ ते १८ च्या आसपास जाऊ शकतो. त्यात बिघाड काही नाही. हलका, एसएमपीएस पद्धतीचा (आत जड ट्रान्सफॉर्मर नसलेला) असेल तर साधारण १४ च्या आगेमागे दिसेल. आकडा शून्य आला तर पिनजवळची वायर हळूच वाकवून बघा. मुलं गाडी चार्जिंगला असतानाच ओढतात, त्यामुळे वायर नेमकी तिथे आतून तुटते. वाकवल्यावर आकडा येत-जात असेल तर नवीन चार्जरची गरजच नाही, नवी पिन सोल्डर करून काम भागतं. मात्र काही ऑटो चार्जर (बॅटरी भरली की आपोआप थांबणारे) बॅटरी जोडल्याशिवाय व्होल्टेज बाहेर सोडतच नाहीत, तेव्हा नुसत्या शून्यावरून त्याला मोडीत काढू नका.

आता बॅटरी. सीट उचला. बहुतेक गाड्यांत सीट एक-दोन स्क्रूंवर किंवा खटक्यावर असते. खाली काळा किंवा करडा चौकोनी ठोकळा दिसेल, वर लाल आणि काळी अशा दोन वायरी. वायरींचा सॉकेट सोडवा आणि थेट बॅटरीच्या दोन पट्ट्यांवर मोजा. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरून निवांत ठेवलेली असेल तर १२.७ च्या वर दाखवते. १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. १०.५ च्या खाली गेली म्हणजे तिला गरजेपेक्षा जास्त उपसलंय. ६ व्होल्टच्या बॅटरीसाठी हेच आकडे निम्मे करा.

पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. आकडा चांगला दिसत असेल तर वायरी पुन्हा जोडा, गाडी विटेवर किंवा पाटावर टेकवून चाकं अधांतरी करा आणि कुणाला तरी पेडल दाबायला सांगा. चाकं फिरत असताना बॅटरीवर मोजा. १२.५ दाखवणारी बॅटरी लोड येताच ९-१० वर कोसळली तर ती संपली आहे. तिला कितीही चांगला चार्जर लावला तरी गाडी दारापासून गेटपर्यंतसुद्धा नीट जाणार नाही. चार्जरवर पैसे घालण्याआधी ही एवढी चाचणी कराच.

या गाड्यांतली लेड ॲसिड (शिसं आणि आम्लाची) बॅटरी वापरात नसली तरी हळूहळू आपोआप उतरते, उन्हाळ्यात जास्तच. रिकाम्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होतो आणि मग ती चार्ज घेत नाही. दिवाळीत घेतलेली गाडी परीक्षांच्या काळात कोपऱ्यात पडते आणि मेच्या सुट्टीत काढली की चालत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. चार्जर बिचारा शाबूत असतो.

राहिला फ्यूज. लाल वायरवर, बॅटरीच्या जवळ, काचेचा किंवा प्लास्टिकचा छोटा फ्यूज असतो. मल्टीमीटर बीपवर (जोडणी सलग असेल तर आवाज देणाऱ्या खुणेवर) ठेवून तपासा. आवाज आला नाही तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. वायरीचा तुकडा गुंडाळून फ्यूजचं काम कधीही भागवू नका, मूल त्यावर बसणार आहे.

बॅटरीवर काय लिहिलंय ते वाचा

बॅटरी बाहेर काढा आणि तिची रुंद बाजू उजेडात धरा. सगळ्यात मोठ्या अक्षरांत ६ व्होल्ट ४.५ एएच, १२ व्होल्ट ४.५ एएच किंवा १२ व्होल्ट ७ एएच असं काहीतरी असेल. एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. मोठ्या गाड्यांत १० किंवा १२ एएचही येते. खाली बारीक अक्षरांत दोन-तीन ओळी असतात आणि खरा खजिना तिथेच आहे. 'सायकल यूज' (वापरून पुन्हा भरायची, म्हणजे आपला प्रकार) या शब्दांपुढे १२ व्होल्टच्या बॅटरीवर साधारण १४.४ ते १५ व्होल्ट छापलेलं असतं, 'स्टँडबाय यूज' (कायम चार्जरला लावून ठेवायची) यापुढे १३.५ ते १३.८, आणि 'इनिशियल करंट'पुढे अँपिअरचा एक आकडा. ४.५ एएचवर तो बहुधा १.३५ असतो, ७ एएचवर २.१. म्हणजे एएचच्या तीस टक्के. तुमचा चार्जर यापेक्षा जास्त करंट देणारा नको. मोबाइलवर या ओळींचा स्वच्छ फोटो काढून ठेवा, दुकानात तोच कामाला येतो.

गाडीत दोन बॅटऱ्या असतील तर जोडणी बघा. एकीची लाल पट्टी दुसरीच्या काळ्या पट्टीला वायरने जोडलेली असेल तर ६ आणि ६ मिळून १२ व्होल्ट झाले, चार्जर १२ चा लागेल. लाल-लाल आणि काळी-काळी एकत्र असेल तर व्होल्टेज ६ च राहतं आणि एएच दुप्पट होतो. दोन १२ च्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेल्या गाड्याही असतात. याहून जास्त व्होल्टेज मात्र लहान मुलांच्या खेळण्यात नसावं. विजेवर चालणाऱ्या खेळण्यांच्या सुरक्षेचं जे भारतीय मानक आहे, आयएस १५६४४, त्यात २४ व्होल्टची मर्यादा आहे.

एका ठिकाणी मात्र फार जपा. ठोकळ्याऐवजी निळ्या किंवा काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या गोल सेलचा जुडगा निघाला, किंवा ७.४ अथवा ११.१ व्होल्ट असं लिहिलेलं दिसलं, तर ती बहुधा लिथियम बॅटरी आहे. ७.४ वाल्या पॅकला ८.४ व्होल्टचा आणि ११.१ वाल्याला १२.६ व्होल्टचा लिथियमचाच चार्जर लागतो. लेड ॲसिडचा चार्जर तिला लावला तर व्होल्टेज मर्यादेबाहेर जातं आणि पॅक पेट घेऊ शकतो. यात 'चालून जाईल' असं काही नसतं.

राउटरचा अडॅप्टर म्हणजे चार्जर नव्हे

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. दुकानात जाऊन "दादा, बारा व्होल्टचा अडॅप्टर द्या" म्हटलं की दुकानदार वायफाय राउटरचा किंवा सीसीटीव्हीचा अडॅप्टर काढून देतो. त्याने मागितलं ते दिलं. पिनही बसते, गाडीवरचा लाल दिवाही लागतो, आणि रात्रभर ठेवूनही सकाळी गाडी दहा मिनिटांत थांबते.

कारण साधं आहे. पाणी वरच्या टाकीतून खालच्या टाकीत येतं, तसा करंट जास्त व्होल्टेजकडून कमीकडे जातो. भरलेल्या बॅटरीचं स्वतःचंच व्होल्टेज १२.७ च्या वर असतं. अडॅप्टर काटेकोर १२.० देतो. बॅटरी १२ च्या जवळ आली की भरणं थांबतं, म्हणजे ती जवळजवळ रिकामीच राहते. अशा अर्धपोटी अवस्थेत काही आठवडे गेले की वर सांगितलेला सल्फेटचा थर धरतो आणि बॅटरीही जाते. उलट, बॅटरी अगदी तळाला गेलेली असेल तर हाच अडॅप्टर सुरुवातीला झेपेल त्याहून जास्त करंट देऊ पाहतो आणि तापतो, कारण बॅटरी भरणं हे त्याचं कामच नाही.

म्हणून दुकानात वाक्य बदला: "बारा व्होल्ट सात एएच एसएमएफ बॅटरीचा चार्जर पाहिजे. चौदा पॉइंट चारच्या आसपास देणारा, एक अँपिअर, ऑटो कट असला तर उत्तम." एसएमएफ म्हणजे सीलबंद, पाणी न घालायची बॅटरी, बाजारात हाच शब्द चालतो. ६ व्होल्टची असेल तर चार्जर ७.२ ते ७.३ च्या आसपास देणारा हवा. ६ च्या बॅटरीला १२ चा चार्जर लावला तर ती फुगते.

घरात पडलेला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर लावायचा मोह टाळा. कारची बॅटरी चार्ज करायचा गॅरेजमधला चार्जरही नको. तो पाच-दहा अँपिअर ओततो आणि एवढीशी बॅटरी उकळून काढतो.

कमी करंट चालतो, फक्त वेळ जास्त लागतो. हिशेब सोपा आहे: एएचला चार्जरच्या अँपिअरने भागा आणि वर वीस टक्के धरा. ७ एएचची बॅटरी १ अँपिअरवर आठ-साडेआठ तासांत भरते, ५०० मिलीअँपिअरवर सतरा तासांच्या आसपास. माझं मत विचाराल तर ४.५ एएचला ७०० मिलीअँपिअर आणि ७ एएचला १ अँपिअर हे माप छान जमतं.

पिन आणि पोलॅरिटी

बहुतेक गाड्यांना गोल डीसी पिन असते, बाहेरून साडेपाच मिलिमीटरची. घोळ आतल्या भोकात होतो: ते २.१ असतं किंवा २.५ मिलिमीटर. २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटात जाते पण सैल राहते आणि चार्जिंग मधेच तुटतं. २.१ ची पिन २.५ च्या सॉकेटात जातच नाही. जुनी पिन सोबत नेली तर दुकानदार दोन मिनिटांत जुळवून देतो.

पोलॅरिटी (म्हणजे कोणतं टोक अधिक आणि कोणतं उणे) उलटी झाली तर चार्जर किंवा फ्यूज जातो, म्हणून हे मोजूनच ठरवा. बॅटरी जोडलेली असताना गाडीच्या चार्जिंग सॉकेटमध्ये लाल टोक मधल्या काडीला आणि काळं बाजूच्या पत्र्याला लावा. आकड्याआधी उणे चिन्ह नसेल तर मधलं टोक पॉझिटिव्ह, आणि उणे आलं तर उलट. काही गाड्यांत मध्ये डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, तेव्हा इथे काहीच दिसत नाही. मग वायर काढून घ्या आणि मल्टीमीटर बीपवर ठेवून सॉकेटचं कोणतं टोक बॅटरीच्या लाल वायरकडे जातं ते शोधा. चार्जरच्या स्टिकरवर एक छोटी आकृती असते: मधे ठिपका, भोवती अर्धगोल, दोन्हीकडे अधिक-उणे. ठिपक्याकडे अधिक असेल तर मधलं टोक पॉझिटिव्ह. तरी नवा चार्जर गाडीत खोचण्याआधी मल्टीमीटरने एकदा बघाच. अशा स्टिकरवर मी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही.

चार्जर योग्य मिळाला पण पिन जुळत नसेल तर चार्जर सोडू नका, पिन बदलून घ्या. नवी पिन सोल्डर करून वर श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवायला मोबाइल दुरुस्तीवाला फारसे पैसे घेत नाही. नुसत्या पिळून टेप मारलेल्या वायरी मात्र नकोत.

नाशिकमध्ये कुठे जायचं

पहिलं ठिकाण महात्मा गांधी रोड आणि त्याला लागून असलेली वकीलवाडी. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग, अडॅप्टर, डीसी पिन, मल्टीमीटर हे सगळं तिथे आसपासच मिळतं. गाडी लावायला जागा शोधत फिरण्यापेक्षा रिक्षाने किंवा दुचाकीवर जा. बॅटरी पिशवीत सोबत न्या. १२ व्होल्ट ७ एएचची दोन-सव्वादोन किलो भरते. पट्ट्यांवर चिकटपट्टी लावायला विसरू नका, पिशवीतली किल्ली दोन्ही पट्ट्यांना टेकली तर ठिणगी पडते. शक्यतो दुकानातच चार्जर लावून मल्टीमीटरवर दाखवायला सांगा. चांगला दुकानदार आनंदाने दाखवतो.

दुसरं ठिकाण म्हणजे इन्व्हर्टर आणि यूपीएसच्या बॅटरीची दुकानं. सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड, कुठेही राहत असाल तरी एखादं जवळ असतंच. संगणकाच्या छोट्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचचीच बॅटरी असते, त्यामुळे या लोकांना तुमची बॅटरी ओळखीची असते. बॅटरीही बदलायची असेल तर खेळण्याच्या दुकानापेक्षा इथेच घ्या. खरेदी करताना तिच्यावर उत्पादनाचा महिना बघा, वर्षभर कपाटात पडलेली घेऊ नका.

तिसरं ठिकाण फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही: कृषी सेवा केंद्र. पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपात १२ व्होल्टची, बहुधा ८ किंवा १२ एएचची लेड ॲसिड बॅटरी असते आणि तिचा चार्जर हंगामात सुटा विकला जातो. पंचवटीत मार्केट यार्डाच्या बाजूला, किंवा दिंडोरी, पिंपळगाव, निफाडकडे तुमचं गाव असेल तर तिथेही चौकशी करा. आपल्या जिल्ह्यात या पंपांचा वापर मोठा आहे, त्यामुळे माल मिळतो. दोन गोष्टी मात्र बघून घ्या. या चार्जरचा करंट अनेकदा १.७ अँपिअर असतो. तो ७ एएचला चालतो, ४.५ एएचला जास्त होतो. आणि नवे पंप लिथियमवरही येतात, तेव्हा त्यांचा चार्जर नको. पिन वेगळी निघाली तर बदलून घ्या.

ऑनलाइन घ्यायचा असेल तर 'रायडर कार चार्जर' असं न शोधता बॅटरीचं व्होल्टेज, एएच आणि 'लेड ॲसिड चार्जर' असं शोधा आणि तपशिलात आउटपुटचा आकडा नीट लिहिलाय का ते बघा. नुसतं 'सर्व गाड्यांना चालतो' असं लिहिलेलं असेल तर पुढे चला.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेली गाडी असेल तर तिच्या चार्जरचं इनपुट आधी वाचा. तिथे १२० व्होल्टची वीज आहे. फक्त १२० लिहिलेला ट्रान्सफॉर्मरचा चार्जर आपल्या २३० व्होल्टला लावला की क्षणात जळतो. '१००-२४०' असेल तर पिनचा कन्व्हर्टर पुरतो. नसेल तर इथलाच चार्जर घ्या. पॉवर व्हील्ससारख्या अमेरिकी ब्रँडच्या गाड्यांत बॅटरीला वेगळ्याच घडणीचा कनेक्टर असतो. तो कापून फेकू नका, त्याच्या पुढे वायर जोडून घ्या.

पहिलं चार्जिंग समोर बसून करा

नवा चार्जर आणला की पहिल्या दिवशी तो रात्री लावून झोपू नका. सकाळी लावा. तासाभराने चार्जरला हात लावा. कोमट लागणं ठीक, हात ठेववत नसेल तर काढून टाका. बॅटरी गरम व्हायला नको आणि तिच्या बाजू फुगायला नकोत. मधूनमधून बॅटरीवर मोजत राहा, आकडा हळूहळू चढत १४ च्या पुढे गेला पाहिजे. १५ च्या वर जाऊन तिथेच टिकला तर तो चार्जर परत करा. चार्जिंग काढून काही तास थांबा आणि पुन्हा मोजा. १२.७ किंवा जास्त असेल तर काम फत्ते.

चार्जरवरचा हिरवा दिवा म्हणजे ऑटो कट असेलच असं नाही. साध्या चार्जरमध्ये तो फक्त वीज चालू असल्याचं सांगतो, आणि असा चार्जर वेळेवर हाताने काढावा लागतो. मोबाइलवर गजर लावा.

चार्ज करताना गाडी हवेशीर जागी ठेवा. सीलबंद असली तरी जास्त चार्ज झाल्यास लेड ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडू शकतो, म्हणून बंद कपाट किंवा गादीजवळची जागा नको. मे महिन्यात दुपारी गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडखाली चार्ज करू नका, सकाळी लवकर करा. पावसाळ्यात पार्किंगमधल्या ओल्या फरशीवर एक्स्टेंशन ओढून चार्ज करणं तर नकोच. बॅटरी काढून घरात आणा. चार्जिंग चालू असताना मुलाला गाडीवर बसू देऊ नका.

मुलं खेळून झाली की त्याच दिवशी चार्ज करा आणि वापर नसेल तेव्हाही महिन्या-दोन महिन्यांनी एकदा पूर्ण भरा. सीटखालचा बॅटरीचा सॉकेट सुट्टीनंतर सोडवून ठेवला तर ती उतरतही नाही लवकर. चार्जरवर कायमच्या मार्करने 'जीप, १२ व्होल्ट ७ एएच' असं लिहून तो सीटखालीच दोरीने बांधा. घरात राउटर, सेट टॉप बॉक्स आणि ट्रिमर अशा सगळ्यांच्या काळ्या पिना सारख्याच दिसतात, आणि पुढच्या वेळी चार्जर हरवतो तो याच गोंधळात.

जुनी बॅटरी निकामी ठरली असेल तर ती कचरागाडीत टाकू नका. आत शिसं आणि आम्ल आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवीन घेताना जुनी बॅटरीवाल्याकडेच द्या. शिशाला भाव असतो, त्यामुळे तो किमतीत थोडी सूटही देतो; दिली नाही तर मागून घ्या.